लातिन रक्ताची बाय

वांगं असो, अंडं असो की बाजारातून आणलेली नवी कपबशी, बाय ती आधी तळहातावर घ्यायची, उजेडाकडे धरायची, एक डोळा बारीक करून बघायची आणि मग निकाल द्यायची, "रेअर हाय." निकाल बहुधा एकच असे. बिनकिडीचं वांगं रेअर. वेळेवर आलेली एसटी रेअर. नेलेलं पातेलं घासून परत करणारी शेजारीण तर फारच रेअर. एकदा तिच्या नवऱ्यानं आंघोळीनंतर स्वतःचा पंचा स्वतः वाळत घातला, तेव्हा तिनं मला हाक मारून तो दोरीवरचा पंचा दाखवला होता.

मी इंग्रजीचा मास्तर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला साताऱ्याकडून येऊन वसईला शाळेत नोकरीला लागलो आणि तिथल्या होळी गावात बायच्या वाडीतल्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. भोवती केळी, मधे भाजीचे वाफे, कडेला कागड्याच्या फुलांच्या ओळी. बाय तेव्हा चाळिशीच्या जवळपास होती. लाल लुगडं, गळ्यात क्रूस आणि पायांना सदा ओली माती. सगळी आळी तिला बाय म्हणायची, म्हणून मीही बाय म्हणू लागलो. तिचं खरं नाव मला पुढे कळलं, पण ते मला कधी तिचं वाटलं नाही.

इंग्रजीच्या मास्तराला असा एकच इंग्रजी शब्द दिवसातून वीसदा ऐकावा लागणं म्हणजे काय, हे ज्यानं वह्या तपासल्या आहेत त्यालाच कळेल. बरं, बायपुरतं ते राहिलं असतं तर मी सोसलं असतं. पण तिच्या तोंडून तो शब्द आळीभर झाला आणि आळीतून शाळेत आला. गायीवरच्या निबंधात पोरं लिहू लागली, आमची गाय रेअर आहे, तिला चार पाय आहेत. मी तांबड्या शाईनं रेघा ओढून दमलो. शेवटी एका संध्याकाळी मी बायला जरा चढ्या आवाजात विचारलं, की हा शब्द तुम्हाला शिकवला कोणी?

ती माठाच्या वाफ्यात बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "डॉक्टरनीबायनं." आणि मग तिनं जे सांगितलं, त्यानंतर मी पोरांच्या वह्यांतल्या त्या शब्दावर रेघ ओढणं सोडून दिलं.

बायचं पहिलं मूल पोटातच गेलं. त्यानंतरची जन्मली ती हळदीसारखी पिवळी, आणि दोनचार दिवसांत एकेक करून गेली. लोकांनी आपल्या परीनं कारण शोधलं. लोक काय शोधतात ते तुम्हाला ठाऊक आहे. हिची कूस वाईट, हिची नजर वाईट, हिच्या अंगातच विष आहे. बाय समोरून आली की आया पोरांवर पदर ओढू लागल्या. आळीतली गरोदर बाई तिच्या वाडीतली भाजी घेईना. रविवारी चर्चमधल्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, ती ज्या बाकावर बसे, त्यावर लेकुरवाळी बाई बसत नसे. नवरा भला माणूस, पण तोही हळूहळू गप्प होत गेला.

मग गावाजवळच्या दवाखान्यात नवी डॉक्टरीणबाई आली. तिनं बायचं रक्त तपासलं आणि तिला समोर बसवून समजावलं, की तुझं रक्त एका जातीचं आणि पोटातल्या बाळाचं बापासारखं दुसऱ्या जातीचं, म्हणून दोघांचं जमत नाही. यात तुझा दोष नाही. आता यावर इंजेक्शन निघालंय म्हणतात, पण तुझ्या बाबतीत वेळ टळून गेली आहे. बायनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "म्हंजे माझं रक्त वाईट हाय?"

"वाईट नाही," डॉक्टरीण म्हणाली. "रेअर आहे."

इतकी वर्षं गावानं तिला किती शब्द दिले होते. हा एकच असा होता की जो उशाशी घेऊन झोपता येईल. तिनं तो घट्ट धरला आणि मग दिसेल त्या वस्तूला लावत सुटली, म्हणजे आपण एकट्या नाही, वांगी, अंडी, पंचे सगळी आपल्या जातीची आहेत, असं वाटावं. हे माझं अनुमान. ती असं काही बोलली नाही.

डॉक्टरीणबाईनं आणखीही एक सांगितलं होतं. हे रक्त कमी माणसांत असतं, आणि ज्यांच्यात असतं त्यांना अडचणीच्या वेळी दुसरं चालत नाही. तू देशील का? तेव्हापासून दवाखान्यातला माणूस सायकलवरून वाडीच्या फाटकाशी यायचा आणि नुसती घंटी वाजवायचा. बाय हातातलं काम टाकून आंघोळ करी, ठेवणीतलं लुगडं नेसे आणि नवऱ्याला सांगून चालू लागे. परत येताना तिथं मिळालेली बिस्किटं रुमालात बांधून नवऱ्याला आणी. रक्त कोणाला दिलं ते डॉक्टरीण तिला सांगत नसे. एवढंच कळे, की मुलगा झाला, किंवा मुलगी झाली, आणि आई बरी आहे. एवढ्यावर ती आठवडाभर खुशीत असायची.

तर त्या संध्याकाळी हे सगळं सांगून झाल्यावर बायनं माझ्यावरच डाव उलटवला. तुम्ही मास्तर, तर या शब्दाचा नीट अर्थ सांगा. मी म्हणालो, दुर्मिळ. तिला तो पसंत पडला नाही. दुर्मिळ म्हणजे मिळत नाही ते, आणि मी तर रोज इथंच असते, घंटी वाजवली की मिळते. मी म्हटलं, बघून सांगतो.

शाळेच्या कपाटात पाठ निघालेला एक जाडजूड शब्दकोश होता. त्यात पाहिलं तर त्या शब्दाचं मूळ लातिन भाषेत निघालं, आणि तिथं त्याचा पहिला अर्थ होता विरळ. दाट नाही ते, ज्याच्यामधे मोकळी जागा आहे ते. उंचावर हवा विरळ होते म्हणतो आपण, तसं. शिवाय त्याच अक्षरांचा दुसराही एक शब्द इंग्रजीत आहे, त्याचं कूळ अगदी निराळं. तो अर्धवट शिजवलेल्या मांसाला लावतात, आणि पूर्वी म्हणे अर्धकच्च्या उकडलेल्या अंड्याला लावत.

मी दुसऱ्या दिवशी बायला दोन्ही सांगितले. अंड्याचं ऐकून ती इतकी हसली की वाफ्यातच बसली. पुढे कितीतरी दिवस ती नवऱ्याला मुद्दाम कच्चं अंडं वाढायची आणि वर मास्तरांच्या पुस्तकात असंच लिहिलंय म्हणून सांगायची. तो बिचारा माझ्याकडे रागानं बघत अंडं प्यायचा.

विरळ हा अर्थ मात्र तिनं हसण्यावारी नेला नाही. ती तेव्हा मुळ्याच्या रोपांची विरळणी करत होती. दाट उगवलेल्यांतली मधली रोपं उपटून उरलेल्यांना जागा करून द्यायची, हे काम. तिनं हातातलं रोप बाजूला टाकलं. मग म्हणाली, "बराबर हाय. मिस्सेला माझ्या बाजूला कोनी बसत नाय. विरळच की मी." मला वाटलं, कुठून हा कोश उघडला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, की बाय, पण शब्द मुळात लातिन आहे, जुना, मानाचा.

ती चटकन उभी राहिली. "लातिन? आपल्या मिस्सेतली?"

इथं तुम्हाला थोडं सांगायला हवं. वसईच्या ख्रिस्ती घरांतल्या त्या वेळच्या बायका लातिन प्रार्थना ऐकत वाढल्या होत्या. अर्थ कोणालाच कळत नसे, पण तोंडपाठ सगळ्यांना. मी येण्याआधी काही वर्षं मिस्सा मराठीत सुरू झाली आणि समजू लागली. समजू लागली म्हणून काही जुन्या बायकांना ती हलकी वाटू लागली. मराठी आपली, भाजी विकायची, भांडायची. देव बोलतो ती लातिन, असा त्यांचा भाव. बायही त्यांतलीच. तिच्या हिशेबानं डॉक्टरीणबाईनं तिच्या रक्ताला जो शब्द लावला होता, तो थेट वेदीवरून आला होता. मी समजवायला गेलो, की बाय, इंग्रजीतले अर्धे शब्द तिकडचेच आहेत, डॉक्टर हासुद्धा. त्यानं उलटाच परिणाम झाला. डॉक्टरसुद्धा लातिन म्हटल्यावर तर शंकेला जागाच राहिली नाही. महिन्याभरात आळीत सगळ्यांना कळलं, की बायचं रक्त लातिन आहे.

जिला हे मुळीच रुचलं नाही ती म्हणजे थोरली. बायची ही मोठी चुलत जाऊ, आमच्या कुंपणापलीकडच्या घरात राहायची. उंच, ताठ, हातात जपमाळ. बायची मुलं गेली तेव्हा अंगातल्या विषाचं पहिल्यांदा बोलली ती हीच, असं लोक म्हणत. दोघी एकाच विहिरीवर पाणी भरत, पण बोलणं कामापुरतं. बायच्या लातिनबद्दल कळलं तेव्हा थोरली म्हणाली म्हणे, की आता कोंबडीसुद्धा लातिनमध्ये ओरडेल.

आणि नेमकी तिचीच सून अडली. सून पहिलटकरीण, गुणी पोर. सातव्या महिन्यात तपासणीला गेली तर तिचं रक्त बायच्याच जातीचं निघालं. एवढ्यानं पहिल्या बाळाला सहसा धोका नसतो. पण तिची वार खाली सरकलेली होती, बाळंतपणात भळाभळा रक्त जाईल अशी भीती होती. डॉक्टरीणबाईनं घरच्यांना बोलावून सांगितलं, की ऑपरेशन करावं लागेल आणि रक्त देणारं माणूस दारात उभं हवं. मुंबईहून मागवीन, पण ते वेळेवर पोचेल याची खात्री नाही. नाही पोचलं तर सून हातची जाईल. गावात देणारी एकच आहे.

थोरली म्हणाली, "तिचं रक्त माझ्या घरात नको. त्या रक्तानं तिनं स्वतःची पोरं खाल्ली."

डॉक्टरीणबाईनं कागदावर चित्रं काढून दाखवली. थोरलीनं ती पाहिली आणि कागद घडी करून परत दिला. फादर घरी येऊन गेले, बराच वेळ बसले. पण फादर तरुण, लोकांकडे तोंड करून मराठीत मिस्सा करणारे, थोरलीच्या मते अजून पुरते फादर व्हायचे होते. तिचा मुलगा मुंबईला एका कचेरीत होता, साहेबापुढे इंग्रजी बोलायचा, पण आईपुढे ब्र काढायचा नाही. आणि सून? ती कुंपणाशी येऊन बायकडे बघत उभी राहायची आणि हाक ऐकू आली की आत जायची. तिलाही भीती वाटत होतीच, दोन्ही बाजूंची.

बाय खायला लागली. रोज बीट, शेवग्याचा पाला, गूळ-शेंगदाणे आणि बाजारातून आणलेली कलेजी. रेड्यासारखी खाते, असं आळीतल्या बायका म्हणाल्या. मी विचारलं, की बाय, ते लोक नको म्हणतात, मग हे कशाला? ती म्हणाली, "त्यांचं नको त्यांच्याजवळ. माझ्याकडून कमी पडाया नको."

मला तेव्हा त्या थोरलीचा असा संताप आला होता की काही विचारू नका. अशात एका दुपारी ती स्वतःच माझ्या ओट्यावर आली. यापूर्वी ती माझ्या दारात कधी आली नव्हती. मी खुर्ची दिली, ती पायरीवर बसली. जपमाळ मुठीत गच्च होती. चेहऱ्यावर ताठा होता, पण डोळे रात्रभर मिटले नव्हते हे दिसत होतं. सुनेला सकाळपासून डाग दिसत होते, दवाखान्यात नेलं होतं, आणि मुंबईच्या रक्ताचा अजून पत्ता नव्हता.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमी हिंदू. आमच्यात खोटं बोलून तुमाला काय मिळनार नाय. ती सांगते तिच्या रक्ताचं नाव लातिन हाय. खरं काय?"

मी शिकवणारा माणूस. माझ्या जिभेवर आलं होतं, की अहो, शब्द लातिन असला म्हणून रक्त पवित्र होत नाही आणि नसला म्हणून विटाळत नाही, डॉक्टरीण सांगते ते ऐका. पण हे तिला सगळ्यांनी सांगून झालं होतं. तिनं मला विचारलं होतं ते मात्र दुसऱ्या कोणाला विचारलं नव्हतं, आणि त्याचं उत्तर मला येत होतं.

"हो," मी म्हणालो. "लातिनच."

"लातिनमदी त्याचा अर्थ काय?"

"विरळ. दाट नाही ते."

तिनं जपमाळेचा एक मणी पुढे सरकवला. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "पापाचं नाव नाय ना?"

"नाही."

"शापाचं?"

"नाही, थोरली. शापाचा त्यात काही संबंध नाही."

तिनं जपमाळेचा क्रूस ओठांना लावला. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि वाडीतल्या केळींकडे गेली. बाय तिथं पाणी सोडत होती. थोरली पाटाच्या अलीकडून म्हणाली, "चल गो. तुला बोलावलंय." बोलावलं कोणीच नव्हतं. बाय त्या दिवशी पहिल्यांदाच आंघोळ न करता, मातीच्या पायांनी आणि कामाच्या लुगड्यात दवाखान्यात गेली.

मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवली. शब्दांची कुळंमुळं सांगून मी पोरांना पेंगवलं असेल, पण त्यांचा कोणाला उपयोग झालेला मी तेवढा एकदाच पाहिला. तोही चुकीच्या कारणानं झाला असं तुम्ही म्हणाल. म्हणा. ऑपरेशन झालं, मुलगी झाली, आणि आईचं रक्त जायला लागलं तेव्हा बाय शेजारच्या खोलीत बाही वर करून बसलेली होती. मुंबईची बाटली संध्याकाळी आली.

आई-मुलगी घरी आल्या त्या दिवशी आम्ही सगळे कुंपणाशी जमलो होतो. थोरली बाळाला घेऊन बाहेर आली. आली ती सरळ आमच्या बाजूला, आणि तिनं ते गाठोडं बायच्या हातांवर ठेवलं. आळीतल्या कोणी बायच्या हातात मूल देऊन किती वर्षं झाली होती कोण जाणे. ते धरावं कसं हेही तिला सुचेना. मग तिनं सवयीनं बाळाला उजेडाकडे धरलं, नखं पाहिली, डोळ्यांच्या कडा पाहिल्या, पोटाचं कापड सारून कातडीचा रंग पाहिला. फार वेळ पाहिला. ती काय शोधत होती ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी घाई केली नाही.

"रेअर काय नाय," बाय म्हणाली. "सगळ्यांच्या पोरांसारखीच हाय." आणि इतक्या वर्षांत जी रडलेली मी पाहिली नव्हती, ती तिथं उभी राहून रडली.

पुढची वर्षं ती पोर कुंपणाच्या या बाजूलाच जास्त असायची. तिनं बायची कोवळी रोपं तुडवावीत आणि बायनं तिला कच्ची काकडी हातात देऊन वाफ्याबाहेर काढावं, हे रोजचं. सायकलची घंटी पुढे वाजेनाशी झाली. बायचं वय झालं, डॉक्टरीणबाई म्हणाली, आता पुरे. बायचा नवरा गेला. मी वसईजवळच आचोळ्याला नव्या इमारतीत खोली घेतली आणि होळीला जाणं सणावारापुरतं उरलं. जाई तेव्हा बाय माझ्या पिशवीत काही ना काही कोंबायचीच, आणि निकाल देऊनच कोंबायची.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा बाय गेली. थोडा ताप आला आणि गेली, कोणाला पळापळ करायलाही लावली नाही. मी पोचलो तेव्हा शवपेटी चर्चमागच्या दफनभूमीत आणली होती. प्रार्थना झाल्या, पेटी खाली उतरवली. त्यांच्यात पहिली मूठ माती घरच्या रक्ताच्या माणसानं टाकायची, मग बाकीच्यांनी. फादर थांबले. बायच्या माहेरचं कोणी उरलं नव्हतं. नवऱ्याकडचे पुतणे होते, ते एकमेकांकडे बघू लागले, तू हो, तू हो असं डोळ्यांनी चाललं होतं.

थोरली तेव्हा पार वाकली होती, काठी टेकत आली होती. तिनं बाजूला उभ्या असलेल्या नातीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला पुढे ढकललं.

"तू टाक," ती म्हणाली. "तू तिच्या रक्ताची."

पोरगी वाकली, मूठभर माती घेऊन तिनं ती खाली सोडली. मग आम्ही सगळ्यांनी.